एका माणसाची पाच नावं

सासऱ्यांच्या कपाटात रशियन लेखकांची एकोणीस पुस्तकं होती, सगळी मराठी भाषांतरं. ती मी मोजली होती, कारण मुलगी बघायला आम्ही त्यांच्या डिचोलीच्या घरी गेलो तेव्हा मला दिलेली खुर्ची त्या कपाटासमोर होती आणि मान वळवून मुलीकडे बघायचा धीर माझ्यात नव्हता. त्यांतली तीन पुस्तकं म्हणजे एकाच कादंबरीचे तीन खंड. पानं अकराशे बारा. हा आकडा मात्र मला पुष्कळ वर्षांनी कळला.

सासरे सुर्ल्याच्या खाणीवर टाइमकीपर होते. खिडकीत बसून माणसांची आणि ट्रकांची हजेरी लिहायची, अशी चौतीस वर्षं त्यांनी काढली. पुढे कुठे रस्ता अडला की ट्रक तास-दोन तास जागचे हलत नसत. तेवढ्या वेळात ते वाचत. पानांच्या खालच्या कोपऱ्यात खाणीच्या धुळीने उमटलेले त्यांच्या अंगठ्याचे लाल ठसे अजून आहेत. पुस्तकं त्यांनी पणजीला प्रदर्शनांतून घेतली होती. त्या काळी ती रशियातूनच मराठीत छापून येत, जाड पुठ्ठ्याची, चांगल्या कागदाची.

एकेका पुस्तकावर बोट ठेवून लेखकांविषयी ते असं बोलत, जणू सगळे त्यांच्याच खिडकीवर हजेरीला येत.

"हो डॉक्टर, धा पानांत सोंपयता. हो भाटकार, ह्याका घाय ना, जमीन खूब आसा. आनी हो तिसरो तापांत बरयता. वाचतल्याकय ताप येता." म्हणजे लिहिणाराही तापलेला आणि वाचणाराही.

मी पेडण्याचा, पाणीपुरवठा खात्यातला. टाकीची पातळी, पंपाचे तास, मीटरचे आकडे हे माझं वाचन. घडलेलंच नाही ते अकराशे पानं का वाचायचं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "जांवयबापू, तुमच्या टाकीत पाणी किती ते तुमकां कळता. माणसात किती ते खंय पळोवपाचें?" मी हसलो. माणसातलं कुठे बघायचं, म्हणे.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले, ते मोरजीच्या किनाऱ्यावर खरे रशियन बघायचे म्हणून. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत एक पुस्तक. किनाऱ्यावर त्यांच्या भाषेतल्या पाट्या होत्या, आणि आमच्या गावची भाजीवाली वांगी-टोमॅटो त्यांच्याच भाषेत मोजून देत होती. सासऱ्यांनी वाळूत उभं राहून दोन्ही बाजूंना नजर फिरवली.

"ह्यांतले रशियन खंयचे?"

"सगळेच," मी म्हणालो.

"हे? हे सगळे न्हावंक आयल्ले लोक. एकाच्याय आंगार कोट ना. एकय जाण सुस्कारो सोडिना."

एका टक्कल पडलेल्या माणसाला त्यांनी पुस्तकावरचं लेखकाचं चित्र दाखवलं. त्याने अंगठा वर केला, हसला आणि स्कूटरला किक मारून गेला. सासरे खूश झाले. "वाचलां ताणें," म्हणाले. मग मागे वळून त्यांनी पाण्यात उभ्या असलेल्या मुलीला, माझ्या बायकोला, हाक मारली, तिच्या माहेरच्या नावाने. तेही पूर्ण नाव नव्हे. त्याचं शेपूट तोडून, पुढे ओढून केलेलं छोटं रूप. हाक इतकी मोठी होती की तीन-चार परदेशी माणसांनीही वळून बघितलं. ती साडी सावरत धावत आली. एरवी बायको धावत नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तसं तिने सांगितलं आहे. वाचणाऱ्या प्रत्येकाने ते उच्चारलं तर मग माझं काय राहिलं, असं ती म्हणाली.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून मी सोन्याच्या अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. नाव माझ्या आईने निवडलं होतं. ओळ सरळ आली म्हणून भटजी म्हणाले, "जावयाचं अक्षर चांगलं आहे हो!" मंडळी हसली, मलाही बरं वाटलं. पुढे दोन वर्षांत रेशनकार्डापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत अकरा ठिकाणी मी तिचं नाव बदलून आणलं. कुठेही काना-मात्रेचा फरक नाही. एका माणसाची दोन नावं कागदावर राहिली की काय घोळ होतो ते मी ऑफिसात रोज बघतो. एकाच घराचं नळजोडणीचं नाव वेगळं, घरपट्टीचं वेगळं. आणि वाड्यावर त्या घरमालकाला तिसऱ्याच नावाने ओळखतात.

तिचं जुनं नाव माहेरी राहिलं. ते घेणारी माणसं एकेक करून कमी झाली. सासूबाई गेल्या, तिची आत्या गेली. मैत्रिणी लांब गेल्या. भाऊ तिला ताय म्हणतो, तो लहान आहे. ते छोटं रूप घेणारा शेवटी एकच माणूस उरला.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि भाषा गेली. भाषा थोडी थोडी परत आली, पण नावं आली नाहीत. भात, पाणी, ट्रक म्हणत. माणसाकडे मात्र नुसते बघत राहत. म्हापशाच्या डॉक्टरणीने सांगितलं, फोटो दाखवा, खाली नाव लिहा, रोज वाचून घ्या.

हे काम माझ्या जोगतं होतं. मी चोवीस कार्डं केली. एकाच मापाची, फोटो वर, नाव खाली ठळक अक्षरात. बायकोच्या फोटोखाली तिचं नाव लिहिलं. आधारकार्डावर आहे तसं, माझ्या नावासकट, आडनावासकट.

तिचा भाऊ रोज वाचून घेई; पाच महिन्यांत त्यांना सतरा कार्डं पाठ झाली. आम्ही दर रविवारी जात होतो. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चौतीस किलोमीटर. एका रविवारी बायको आत शिरली आणि त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओठ जुळवले. मग मतदारयादी वाचल्यासारखं तिचं सबंध नाव म्हणाले. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. एकही चूक नाही.

"शाब्बास!" मी म्हणालो.

ते तिच्याकडेच बघत होते. "तुमी बसात," ते म्हणाले. "कोण जाय तुमकां?"

खाणीच्या खिडकीवर कुणी अनोळखी बाई आली की ते असंच विचारत असणार, कोण हवंय तुम्हाला. बायको बसली. "तुम्हीच हवेत बाबा," म्हणाली. त्यांनी मान हलवली, नम्रपणे.

परतताना कोलवाळचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "त्या कार्डावर कुणाचं नाव लिहिलंत?"

"तुझं."

"माझं?"

मी गाडी चालवत होतो. समोर बघतच म्हणालो, "नवीन कार्ड करतो. माहेरचं नाव लिहितो."

"नको. कार्डावरून वाचलं तर ते हाक मारणं झालं का? तुमचं कार्ड ते वाचतात, मला नाही वाचत." मग म्हणाली, "मला एकदा, एकदाच, त्यांनी आपणहून म्हणायला हवंय. मागाहून काही झालं तरी चालेल."

तिला काय हवंय ते इतकं स्पष्ट तिने मला लग्नानंतर कधी सांगितलं नव्हतं.

पुस्तकाची कल्पना तिचीच. त्यांच्या कपाटातलं त्यांचं सगळ्यांत आवडतं पुस्तक वाचून दाखवू, त्यांनी ते सात-आठ वेळा वाचलेलं आहे, त्यात काहीतरी हलेल. वाचायचं मी, कारण माझा आवाज मोठा आणि तिला वाचताना रडू येईल. म्हणून ते तीन खंड आमच्या घरी आले. आधी एकदा वाचून तयारी करावी म्हणून मी बसलो, वहीत माणसांची यादी करत.

माझ्या यादीत त्रेचाळीस माणसं झाली. मग लक्षात आलं की काही माणसं दोनदा-तीनदा लिहिली गेली आहेत. रशियनांत माणसाला स्वतःचं नाव, त्याला जोडून बापाचं नाव, मग आडनाव. घरात छोटं नाव. लाडाने आणखी छोटं. रागावले की भलतंच. एकाच मुलीला पाच नावं, आणि एका पानावर तीन-तीन वापरलेली. मी वैतागलो. आजारी माणसाने हे कसं धरून ठेवायचं? ज्याला पोटच्या पोरीचं नाव राहत नाही, त्याला ही पाच?

मग मी माझ्या पद्धतीने सोय केली. दर माणसाला एक नाव ठरवलं, सोपं असेल ते, आणि तीन खंडांत जिथे जिथे दुसरं नाव होतं तिथे पेन्सिलने काट मारून वर ठरवलेलं लिहिलं. दोन महिने लागले. दोन हजार एकशे सोळा ठिकाणी. यादीत शेवटी सव्वीस माणसं उरली. सव्वीस माणसं, सव्वीस नावं. मला फार समाधान वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू.

चार रविवार मी वाचलं. रविवारी तासभर, वीस पानं. व्हरांड्यात त्यांची खाट, बाजूला मी. पहिल्या रविवारी त्यांनी दोन-तीन वेळा माझ्याकडे चमकून पाहिलं. दुसऱ्या रविवारी भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या रविवारी मी वाचत असताना डाव्या हाताने पुस्तक ढकललं आणि म्हणाले, "हजेरी."

"काय म्हणाले?" बायको आतून आली.

"हजेरी म्हणतात. जुनं आठवत असेल."

तिने माझ्या हातून पुस्तक घेतलं. लहानपणी तिला ही पुस्तकं आवडत नसत, बाप घरी असूनही त्यांत असायचा म्हणून. तिने त्यांतलं एकही कधी वाचलं नव्हतं. उभ्या उभ्या तिने पान वाचलं, माझी पेन्सिल वाचली, पेन्सिलीखालचं छापलेलं वाचलं. मागची पानं एकेक करून उलटली.

"अहो, हे काय केलंत?"

"त्यांना सोपं जावं म्हणून. एकाच मुलीला पाच नावं आहेत."

"पाच नावं कोण घेतं?"

"म्हणजे?"

"कोण कुठलं घेतं ते बघितलंत? दाई वेगळं घेते. तो सैन्यातला वेगळं घेतो, भीत भीत. बाप हे घेतो, हे बारकं. दुसरं कुणीच हे घेत नाही. तुम्ही सगळ्यांच्या तोंडी एकच घातलंत. आता तिला कुणी हाक मारली ते बाबांनी कशावरून ओळखायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. "हजेरीच झाली ही. बाबा बरोबर बोलले."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि तोंडाची जी बाजू हलते ती हसत होती.

पाच आठवडे ती रोज दुपारी तीन वाजता जेवणाच्या टेबलाशी खोडरबर घेऊन बसली. मी खोडतो म्हणालो तर तिने दिलं नाही. "तुम्ही परत काहीतरी नीट कराल." काही ठिकाणी मी पेन्सिल जोरात दाबली होती. तिथे छापील अक्षर पुसट झालं, ती ते शाईने हलकेच उठवायची. खोडता खोडता ती वाचत गेली. ऑफिसातून आलो की टेबलावर रबराचा चुरा आणि ती हरवलेली. चहा विचारला तर म्हणे, "थांबा, त्याचं पत्र आलंय." एकदा मला म्हणाली, "ह्यांच्याकडे किती सोपं आहे. नाव ऐकलं की माणूस किती जवळचा ते कळतं."

"आपल्याकडेही होतं की," मी म्हणालो.

"होतं."

त्या दिवसांत मी एक मूर्खपणा केला. ती ओट्यापाशी उभी होती आणि मी मागून ते नाव घेतलं, सासरे घेत तसंच, शेपूट तोडून. वीस वर्षांत प्रथमच. तिने वळून पाहिलं नाही. भांडं धुऊन उपडं ठेवलं, हात पुसले, मग म्हणाली, "तुम्ही नको. वाईट वाटून घेऊ नका. पण ते तुमचं नव्हे." मला वाईट वाटलं. पण तिचं बरोबर होतं. मी ते नाव ताटातल्या तांदळात बदललेलं होतं.

आम्ही पुन्हा पान एकपासून सुरू केलं. आता छापलंय तसं. मी अडखळत होतो, लांब नावांत दम लागायचा. सासरे भिंतीकडे वळले नाहीत. एखाद्या माणसाचं लाडाचं नाव आलं की त्यांचा डावा हात चादरीवर किंचित उठायचा. रागाचं आलं की भुवया. मग मला कळू लागलं की ते गोष्ट ऐकत नव्हते, गोष्ट त्यांना पाठच होती. कोण कुणाला कसं बोलावतं ते ऐकत होते. ही कादंबरी त्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची; त्याला घाई नाही असं ते का म्हणत, तेही मला उमगलं. त्याने दारात उभ्या म्हाताऱ्या नोकरालासुद्धा एक घरातलं नाव दिलं आहे आणि ते घेणारी मालकीण मेली की तो नोकर तीन पानं नुसता अंगणात फिरतो. मी ते वाचताना थांबलो. पाणी मागितलं.

सहा महिने गेले असतील. एप्रिलची दुपार, चारचा सुमार. पोदेराचा भोंपू वाजला म्हणून बायको पाव आणायला फाटकापर्यंत गेली होती. मी वाचत होतो. कादंबरीतली ती मुलगी पहिल्यांदा घर सोडून शहरात निघालेली, आणि तिचा बाप पायरीवरून तिला ते बारकं नाव घेऊन हाक मारतो. मी ओळ वाचली. बायको पावाची पिशवी घेऊन फाटक लावत होती.

सासऱ्यांनी मान उचलली आणि अंगणाकडे बघून मोठ्याने हाक मारली. मोरजीला मारली होती तशी, शेवट लांबवून.

नाव त्या रशियन मुलीचं होतं.

बायको फाटकाशी थांबली. मला वाटलं आता ती बसेल खाली. पण ती म्हणाली, "ओ बाबा! आले!" आणि पिशवी छातीशी धरून धावत आली.

"पाव हाडलो?" त्यांनी विचारलं. "तुमी" नाही, "कोण जाय" नाही. मुलीला विचारतात तसं.

"हाडला बाबा. गरम आहे."

"मगे दी."

तिने पावाचा तुकडा मोडून त्यांच्या डाव्या हातात दिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिला हवं होतं ते नाव हे नव्हतं. पण आवाज तोच होता. परतताना मी विचारलं, "चाललं का?" ती म्हणाली, "नाव चुकलं. बाकी सगळं बरोबर आलं." पुलावर गाडी आल्यावर म्हणाली, "बाकी आलं म्हणजे तेही कुठेतरी असेल ना आत? असायला हवं."

तेव्हापासून ते तिला त्याच नावाने हाक मारतात. मी वाचत असलो तरच. वाचन संपून पुस्तक मिटलं की ती पुन्हा अनोळखी बाई होते आणि ते तिला बसायला सांगतात. म्हणून ती रविवारी सगळी कामं वाचनाच्या तासात काढते. मुद्दाम आत जाते, बाहेर येते, हाक मारायला जागा ठेवते. प्रत्येक वेळी मी बघतो, ओठ जुळवताना ते क्षणभर थांबतात. त्या क्षणात ती श्वास रोखून उभी असते. दर वेळी ते रशियन नाव येतं आणि ती ओ देते.

गेल्या रविवारी आम्ही पान नऊशे बहात्तरला आलो. मुलीचं लग्न. चर्चमधल्या मेणबत्त्या, पायघड्या, बापाचा घट्ट झालेला कोट. मी पुढचं पान उलटणार तेवढ्यात बायकोने पुस्तकावर हात ठेवला.

"इथेच थांबा."

"एकशे चाळीस पानं आहेत अजून."

"लग्नानंतर तिला त्या नावाने किती वेळा हाक मारलीय?"

मला उत्तर ठाऊक होतं. नावं मीच मोजली होती. लग्नाआधी त्रेसष्ट वेळा.

"एकदाही नाही," मी म्हणालो. "पुढे सगळे तिला नवऱ्याच्या आडनावाने बोलावतात. बापही."

"माहीत आहे. खोडलंय मी."

सासरे आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मी आजवर एकही नोंदवही शेवटचं पान भरल्याशिवाय बंद केलेली नाही. तिसरा खंड मिटला, कपाटात ठेवला आणि पहिला काढला.

"ती पान सत्तेचाळीसला येते," मी हळूच म्हणालो. "वीस पानांच्या हिशोबाने तिसऱ्या रविवारी. दोन रविवार ते तुला... थेट तिथूनच सुरू करू का?"

"नको, मधूनच कसं?" तिने स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला घेतलं, जिकडचं त्यांना नीट दिसतं. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नम्रपणे मान लववली. "तुमी बसात," ते म्हणाले.

"बसले बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "वाचा. पहिल्यापासून."